पुणे शहरातील बाजारपेठांचा विकास

मराठीत 'पेठ' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ मालाच्या खरेदी-विक्रीचे ठिकाण. दुसरा अर्थ शहराचा स्वतंत्र नावाचा, स्वतंत्र हद्दीचा विभाग. पुणे शहरात हे दोन्ही अर्थ दीर्घकाळ एकरूप राहिले. शहर वाढवावयाचे म्हणजे नवी पेठ वसवावयाची आणि पेठ वसवावयाची म्हणजे तेथे व्यापारी आणून बसवावयाचे, अशी येथील वाढीची रीत होती. सतराव्या शतकातील आठवड्याच्या बाजारापासून एकविसाव्या शतकातील मॉलपर्यंतच्या या वाढीत काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळून येतात. नवी बाजारपेठ नव्या वाहतूकमार्गाच्या किंवा नव्या वस्तीच्या आधाराने उभी राहते. जुनी बाजारपेठ सहसा नष्ट होत नाही, तर ती एखाद्या विशिष्ट मालापुरती मर्यादित होऊन टिकते. आणि प्रत्येक स्थलांतराच्या वेळी, ज्याला स्वतःचा गाळा नाही अशा किरकोळ विक्रेत्याच्या जागेचा प्रश्न नव्याने उपस्थित होतो.

पेठांची स्थापना : मुठा नदीच्या काठी असलेला कसबा हा पुण्याचा सर्वांत जुना भाग. १६३० च्या सुमारास विजापूरच्या फौजेने पुणे उद्ध्वस्त केल्यानंतर जिजाबाई व शिवाजी यांच्या वास्तव्यकाळात कसब्याची पुन्हा वसाहत झाली. पेशवाईपूर्वीच्या काळात कसब्याच्या आसपास काही पेठा वसल्या होत्या. आजची रविवार पेठ ही मलकापुरा, सोमवार पेठ ही शहापुरा आणि मंगळवार पेठ ही अष्टपुरा या नावाने ओळखली जात असे. या पेठांना वारांची नावे पेशवेकाळात रूढ झाली. ज्या वारी जेथे बाजार भरे, त्यावरून ही नावे पडली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

पहिल्या बाजीरावाने १७३० ते १७३२ या काळात शनिवारवाडा बांधला आणि पुणे हे मराठी सत्तेचे प्रत्यक्ष केंद्र बनले. दरबार, सरदार, शिलेदार, कारकून व त्यांचे परिवार यांमुळे धान्य, कापड, भांडी, जवाहीर व किराणा यांची मोठी मागणी निर्माण झाली. ती भागविण्यासाठी शुक्रवार, वेताळ (पुढे गुरुवार), सदाशिव, नारायण, भवानी, नाना, रास्ता, घोरपडे, गंज इ. पेठा अठराव्या शतकात वसविण्यात आल्या. पेठ वसविण्याची एक ठरावीक पद्धत होती. एखाद्या कर्तबगार गृहस्थाला पेठ वसविण्याचा अधिकार देण्यात येई. तेथे येऊन दुकान मांडणाऱ्यांना कौल दिला जाई, म्हणजे काही वर्षे करांत सूट मिळे. पेठेचे मुख्य म्हणून शेटे व महाजन नेमले जात. व्यापारी आणून वसविणे, वसुलीस साहाय्य करणे आणि आपापसांतील तंटे मिटविणे ही त्यांची कामे असत. वजनेमापे, भाव व एकंदर बंदोबस्त यांवर कोतवालाची देखरेख असे. नव्या उद्योगाला प्रारंभीची काही वर्षे करसवलत देण्याचे जे धोरण आधुनिक शासनसंस्था अवलंबितात, त्याचेच हे जुने रूप होय. पेठेची प्रगती व्यापाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असल्याने दुकानदाराला जागा देणे हे त्या काळी राज्यकर्त्याचेच हित होते.

आळ्या व त्यांचे व्यवसाय : पेठांच्या पोटात व्यवसायवार आळ्या निर्माण झाल्या. कसब्यातील तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी घडविली जात. रविवार पेठेत कापडगंज, सराफी पेढ्या व बोहरी आळी ही व्यापारी केंद्रे उदयास आली. 'गंज' याचा अर्थच धान्याचा बाजार असा असून गंज पेठेच्या नावात तो टिकून राहिला. महात्मा जोतीराव फुले यांचे वास्तव्य या पेठेत होते. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. धान्य, गूळ व किराणा यांचा घाऊक व्यापार पुढे भवानी व नाना या पूर्वेकडील पेठांत एकवटला, कारण सोलापूरकडून व देशावरून येणाऱ्या गाड्या शहरात त्या बाजूने शिरत.

एकाच मालाची दुकाने शेजारी शेजारी थाटण्यात दुकानदारांचा तोटा होत असावा, असे सकृद्दर्शनी वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. ग्राहकाला भाव व नग यांची तुलना एका फेरीत करता येते, म्हणून तो दुरूनही येतो. दुकानदाराला उणा माल शेजाऱ्याकडून वेळेवर मिळतो. कारागीर व हमाल यांनाही एकाच ठिकाणी काम मिळते. या परस्परसोयीमुळेच अशा आळ्या राजवटी बदलल्या तरी टिकून राहतात. अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने हे याच प्रवृत्तीचे आधुनिक उदाहरण होय. तुळशीबागेचा विकास थोडा वेगळा आहे. नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी १७६१ मध्ये येथे राममंदिराच्या बांधकामास आरंभ केला. देवदर्शनास येणाऱ्या स्त्रियांसाठी पूजासाहित्य, कुंकू, बांगड्या, भातुकलीची भांडी व घरगुती वस्तू यांची लहान लहान दुकाने मंदिराच्या आवारात व बाहेर मांडली गेली. आज तुळशीबाग हे नाव मंदिरापेक्षा बाजारासाठीच अधिक परिचित आहे.

लष्कर व रेल्वे : ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाला. दरबार संपुष्टात आल्यामुळे जरतारी वस्त्रे, शस्त्रे, जवाहीर यांसारख्या मालाचा ग्राहकवर्ग ओसरला व जुन्या पेठांना उतरती कळा लागली. त्याच सुमारास शहराच्या पूर्वेस इंग्रजांनी लष्करी छावणी वसविली. छावणीतील मेन स्ट्रीट (आताचा महात्मा गांधी रस्ता) व ईस्ट स्ट्रीट या रस्त्यांवर शिंपी, बेकरीवाले, मद्यविक्रेते आणि विलायती मालाचे व्यापारी यांची दुकाने निघाली. पारशी, बोहरा, इराणी, गोवेकर ख्रिस्ती, सिंधी अशा विविध समाजांतील व्यावसायिक येथे कालांतराने स्थायिक झाले. अशा रीतीने एकाच शहरात दोन स्वतंत्र बाजारपेठा निर्माण झाल्या. पेठांतील दुकानात गिऱ्हाईक गादीवर बसून माल पाही; लष्करातील दुकानात माल काचेआड मांडलेला असे. 'गावात' जाणे आणि 'कँपात' जाणे हा पुणेकरांच्या बोलण्यातील भेद या दुहेरी रचनेतून आला.

१८५८ मध्ये खंडाळा-पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पूर्ण होऊन पुणे मुंबईशी सलग जोडले गेले. तत्पूर्वीच १८६० मध्ये पूर्वेकडे सोलापूरपर्यंत गाडी पोचली होती. गिरणीचे कापड, रॉकेल, काडेपेटी, साखर हा बाहेरून येणारा माल सामान्य दुकानात दिसू लागला. हातमागाचे कोष्टी व स्थानिक कारागीर यांना त्याची झळ पोचली. १८७९ च्या सुमारास खडकवासला धरणाचे व मुठा कालव्याचे पाणी उपलब्ध झाल्याने शहराच्या पूर्वेस हडपसरच्या बाजूला भाजीपाल्याचे मळे वाढले. रेल्वेने दूरचा माल आणला, तर कालव्याने जवळचा ताजा माल वाढविला. दोन्हींचा परिणाम एकच झाला : उघड्यावर भरणारा बाजार शहराला अपुरा पडू लागला.

मंडई व तिच्याविषयीचा वाद : पुणे नगरपालिकेची स्थापना १८५७ मध्ये झाली. त्या काळी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरील मोकळ्या पटांगणात भरत असे. ऊन, पाऊस, धूळ व अस्वच्छता यांवर उपाय म्हणून शुक्रवार पेठेत छपराखालील पक्की मंडई बांधण्याचे नगरपालिकेने ठरविले. मुंबईत आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताच्या पुढाकाराने १८६९ मध्ये उभारलेल्या क्रॉफर्ड मार्केटचे (आताचे महात्मा जोतीराव फुले मार्केट) उदाहरण डोळ्यांसमोर होते. वॉल्टर ड्युकेट या अभियंत्याच्या आराखड्यानुसार वासुदेव बापूजी कानिटकर यांनी हे बांधकाम पूर्ण केले. गॉथिक शैलीचा अष्टकोनी मध्यवर्ती मनोरा व त्याला जोडलेली लांब दालने अशी तिची रचना आहे. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी तिचे उद्‌घाटन झाले आणि मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावावरून 'रे मार्केट' हे नाव तिला देण्यात आले. १८९० मध्ये स्थापन झालेले औद्योगिक वस्तुसंग्रहालयही दीर्घकाळ याच वास्तूत होते.

या योजनेला झालेला विरोध हा पुण्याच्या नागरी इतिहासातील महत्त्वाचा प्रसंग आहे. जोतीराव फुले (१८२७–९०) हे १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या भव्य वास्तूवर लाखांच्या घरात खर्च करण्यास त्यांनी व त्यांचे सहकारी हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. गोरगरिबांच्या शिक्षणासाठी पैसा नाही म्हणावयाचे आणि इमारतीवर तो खर्च करावयाचा, ही विसंगती फुल्यांना मान्य नव्हती. भाजीपाला व फुले यांच्या व्यवसायाशी त्यांच्या घराण्याचा जवळचा संबंध असल्याने हा विरोध बाजाराविषयीच्या अज्ञानातून आलेला नव्हता. शेतकऱ्याच्या मालाला बाजारात काय मिळते आणि मध्ये कोणाच्या हाती काय राहते, याचा विचार त्यांच्या शेतकऱ्याचा असूड (१८८३) या ग्रंथामागेही आहे. सार्वजनिक पैशातून उभारलेल्या बाजाराचा लाभ नेमका कोणाला होतो, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता.

मंडई मात्र उभी राहिली आणि तिने आपली उपयुक्तता सिद्ध केली. विक्रेत्याला छप्पर, पाणी व निश्चित जागा मिळाली. ग्राहकाला एका ठिकाणी भाजी, फळे व फुले मिळू लागली. नगरपालिकेला भाड्याचे उत्पन्न मिळाले. लवकरच मंडई हे सार्वजनिक जीवनाचेही केंद्र बनले. येथील विक्रेत्यांचा गणेशोत्सव १८९४ पासूनचा आहे. १९२४ मध्ये मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसविण्यात आला व मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. मंडईचे आवार राजकीय सभांसाठी प्रसिद्धीस आले. १९३८ मध्ये प्रल्हाद केशव अत्रे यांच्या पुढाकाराने नगरपालिकेने तिला 'महात्मा फुले मंडई' हे नाव दिले. ज्यांनी या वास्तूच्या खर्चाला विरोध केला, त्यांचेच नाव तिला मिळाले. त्यात विसंगती वाटली, तरी त्यामागे एक औचित्यही आहे : मंडईत बसणारा माळी, बागवान व शेतकरी हाच त्यांच्या विचाराचा केंद्रबिंदू होता.

लक्ष्मी रस्त्याचा उदय : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्याच्या व्यापाराचा कणा आळीकडून हमरस्त्याकडे सरकला. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात झालेल्या विदेशी कापडाच्या होळीने आणि त्यानंतरच्या स्वदेशी चळवळीने दुकानाला राजकीय अर्थ प्राप्त करून दिला. कोणता माल कोठे मिळतो, ही केवळ सोयीची बाब राहिली नाही. जुन्या पेठांमधून पूर्व-पश्चिम गेलेला लक्ष्मी रस्ता हळूहळू साड्या, तयार कपडे, दागिने, भांडी यांच्या दुकानांनी भरून गेला. वाड्याचा रस्त्याकडील भाग दुकानांसाठी आणि मागील व वरचा भाग राहण्यासाठी, अशी येथील इमारतींची रचना झाली. सांगलीहून व अन्य गावांहून आलेल्या पेढ्यांनी येथे शाखा काढल्या. लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे लक्ष्मी रस्त्यावर येऊ लागली. दुकान मालकाच्या कुटुंबाने चालवावयाचे, गिऱ्हाइकाशी पिढ्यान्‌पिढ्या ओळख ठेवावयाची, भावाची घासाघीस करावयाची नाही आणि दुपारच्या विश्रांतीसाठी दुकान बंद ठेवावयाचे, ही पुणेरी दुकानदारीची पद्धत या काळात स्थिर झाली. दुकानातील नोकरांचे कामाचे तास व साप्ताहिक सुट्टी यांचे नियमन करणारा मुंबई प्रांताचा कायदा १९३९ मध्ये झाला. १९४८ मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने व २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या सुधारित अधिनियमाने घेतली.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे दोन भाग अनुक्रमे १९४५ व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील शहराच्या अशा पद्धतशीर पाहण्यांपैकी ही आरंभीची होय. दुकानदार, फेरीवाले, कारागीर व मजूर हे शहराच्या अर्थव्यवस्थेचे परस्परावलंबी घटक असल्याचे तीवरून लक्षात येते.

शहराचा विस्तार व व्यापाराचे विकेंद्रीकरण : १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील हजारो घरे व दुकाने उद्ध्वस्त झाली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर इ. वसाहती उभारण्यात आल्या. याच सुमारास पिंपरी-चिंचवड, भोसरी या बाजूंना कारखाने निघाले. नव्या वसाहतींमुळे प्रत्येक उपनगराला स्वतःची किराणा दुकाने, भाजीमंडई व व्यापारी संकुले यांची गरज भासू लागली. डेक्कन जिमखाना, जंगली महाराज रस्ता, फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता, कर्वे रस्ता आणि टिळक रस्ता यांवर दुकानांच्या रांगा वाढल्या.

घाऊक व किरकोळ व्यापार अलग करण्याचे धोरणही याच काळातील आहे. शेतमालाच्या विक्रीचे नियमन करणारा मुंबई प्रांताचा कायदा १९३९ चा व महाराष्ट्राचा अधिनियम १९६३ चा. उघड लिलाव, प्रमाणित वजने व ठरावीक आडत यांमुळे शेतकऱ्याची फसवणूक टळावी, हा त्यामागील हेतू होता. पुण्याचा घाऊक व्यापार पेठांतून टप्प्याटप्प्याने गुलटेकडी येथील बाजार आवारात हलविण्यात आला. त्यामुळे पेठांतील बैलगाड्या व मालमोटारींची गर्दी कमी झाली. पण जुन्या पेठांतील हमाल, तोलणार व हातगाडीवाले यांचे काम त्यांच्या वस्तीपासून दूर गेले. बाबा आढाव यांनी स्थापन केलेल्या हमाल पंचायतीने या कामगारांना संघटित केले. १९६९ चा माथाडी कामगारविषयक अधिनियम हे महाराष्ट्रातील अशा चळवळींचे महत्त्वाचे फलित होय.

महागाई व टंचाईच्या काळात ग्राहकांच्या संघटनाही पुढे आल्या. दुसऱ्या महायुद्धातील शिधावाटपापासून सहकारी ग्राहक भांडारांना चालना मिळाली होती. मुंबईतील अपना बाजारची सुरुवात १९४८ मधील आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. टिळक रस्त्यावरील ग्राहक पेठ हे भांडार याच चळवळीतून उभे राहिले. ग्राहकाने शेल्फावरून स्वतः वस्तू उचलावी व छापील भाव पाहून पैसे द्यावेत, ही पद्धत सामान्य मध्यमवर्गीयांच्या अंगवळणी पडण्यास अशा भांडारांचा हातभार लागला. १९८६ मध्ये केंद्र शासनाने ग्राहक संरक्षण अधिनियम संमत केला.

ग्रामीण बाजारपेठांशी संबंध : पुण्याच्या बाजारपेठेचा विचार जिल्ह्याच्या पूर्व भागाशिवाय पूर्ण होत नाही. बारामती व इंदापूर हे तालुके मूळचे अवर्षणप्रवण. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचे काम झाले आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी या भागात खेळू लागले. ऊस व गूळ यांमुळे बारामती ही गुळाची मोठी पेठ बनली. १९१४ मध्ये दौंड-बारामती हा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला. २००३ मध्ये त्याचे रुंदमापी मार्गात रूपांतर झाले. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना काढला व त्याभोवती वालचंदनगर ही औद्योगिक वसाहत उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथे सहकारी साखर कारखाने निघाले.

उसाच्या शेतीने खरेदीचे वेळापत्रक बदलले. कोरडवाहू शेतकऱ्याचा व्यवहार आठवड्याच्या बाजाराशी निगडित होता : थोडे धान्य किंवा कोंबडी-अंडी विकावयाची आणि त्याच पैशात मीठ-मिरची, तेल व कापड घ्यावयाचे. ऊस उत्पादकाच्या हाती मात्र कारखान्याच्या बिलाची रक्कम एकदम येई. त्यामुळे सोने, कापड, अवजारे व पुढे दुचाकी यांची खरेदी हंगामानंतर एकवटू लागली. इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावांत नित्याच्या गरजा गावातील दुकाने व आठवड्याचा बाजार यांवर भागत, मोठ्या खरेदीसाठी तालुक्याची पेठ गाठावी लागे आणि लग्नकार्यासारख्या प्रसंगी पुण्याचा लक्ष्मी रस्ता. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यावर भिगवण येथे मासळीचा बाजार वाढला, तो या त्रिस्तरीय रचनेत पडलेली नवी भर होय. कारखाने, महाविद्यालये व औद्योगिक वसाहत यांमुळे बारामतीतच तयार कपडे, विद्युत् उपकरणे व वाहने यांची मोठी दालने निघाली. पूर्वी ज्या खरेदीसाठी पुण्याला जावे लागे, तिचा बराच भाग आता तालुक्याच्या गावी होतो.

याच्या उलट दिशेचा प्रवाह शेतमालाचा. पूर्व भागातील डाळिंबे, द्राक्षे व भाजीपाला पुण्याच्या बाजार आवारात जातो. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला यांची बाजार आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त केली आणि त्याच वर्षी शहरांतून 'संत शिरोमणी सावता माळी' या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू करण्यास चालना दिली. पेठांना ज्या वारांच्या बाजारांवरून नावे मिळाली, ती वारांची पद्धत अशा रीतीने महानगरात पुन्हा अवतरली.

मॉलचे युग : एका छपराखाली अनेक विभाग असलेले दुकान ही कल्पना पॅरिसमध्ये १८५२ नंतर 'बाँ मार्शे' या दुकानाने रूढ केली. सर्व बाजूंनी बंदिस्त व वातानुकूलित खरेदी केंद्राचा आरंभ अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५६ मध्ये उघडलेल्या 'साउथडेल'पासून मानला जातो. व्हिक्टर ग्रुएन हा त्याचा वास्तुशिल्पज्ञ. मोटारीमुळे विखुरलेल्या उपनगरांना एकत्र येण्याचे ठिकाण मिळावे, ही त्याची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात अशा केंद्रांनी मोटारीवरील अवलंबन वाढविले. मुंबईत १९९९ मध्ये 'क्रॉसरोड्स' हे केंद्र उघडले. ते देशातील आरंभीच्या मॉलपैकी एक होय.

पुण्यात या बदलास माहिती तंत्रज्ञान उद्योगाने गती दिली. हिंजवडी, खराडी, हडपसर व मगरपट्टा येथे कार्यालये व वसाहती वाढल्या. १९९७, २०१७ व २०२१ मध्ये लगतची गावे महानगरपालिकेत आली. १९५१ मध्ये पाच लाखांहून कमी असलेली महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ मध्ये ३१,२४,४५८ झाली. जुन्या पेठांपासून दहा-पंधरा किमी. अंतरावर राहणाऱ्या, परगावाहून आलेल्या कुटुंबांना मंडई व लक्ष्मी रस्ता ही रोजची ठिकाणे राहिली नाहीत. २०११ मध्ये विमाननगर येथे 'फीनिक्स मार्केटसिटी' आणि हडपसर येथे 'अमनोरा मॉल' ही मोठी केंद्रे उघडली. २०२३ मध्ये वाकड येथे 'फीनिक्स मॉल ऑफ द मिलेनियम' सुरू झाला. बहुविध नाममुद्रांच्या किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणुकीस ५१ टक्क्यांपर्यंत मुभा देण्याचा केंद्र शासनाचा निर्णय सप्टेंबर २०१२ मधील आहे.

मॉलचे अर्थकारण पेठेपेक्षा भिन्न आहे. पेठेत प्रत्येक दुकानाचा मालक निराळा असतो. यशस्वी मॉलमध्ये सर्व जागा सामान्यतः एकाच मालकाच्या ताब्यात असते आणि दुकानदार भाडेकरू असतो. एखाद्या मोठ्या दुकानाला सवलतीच्या दरात जागा देऊन गर्दी आणावयाची आणि तिचा लाभ लहान दुकानांना देऊन त्यांच्याकडून अधिक भाडे घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था असते. पुष्कळदा किमान भाड्याबरोबरच विक्रीतील काही हिस्साही आकारला जातो. जेथे गाळे सुटे सुटे विकले गेले, तेथे कोणते दुकान कोठे असावे हे ठरविणारे कोणी उरत नाही. अशा केंद्रांत रिकामे गाळे वाढतात. पुण्यातील काही लहान मॉल याच कारणाने किंवा स्पर्धेमुळे निष्प्रभ झाले आणि त्यांच्या जागा कार्यालयांकडे गेल्या. जुन्या पेठा मात्र टिकून आहेत. दागिने, पैठण्या, पूजासाहित्य, पुस्तके व भांडी यांसाठी ग्राहक अजूनही पेठांत येतो. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू होऊन मंडईखाली स्थानक झाले आणि वाहनतळाच्या अभावी दुरावलेला उपनगरी ग्राहक पेठांच्या पुन्हा आवाक्यात आला.

पथारीवाल्यांचा प्रश्न : या सर्व स्थित्यंतरांत पाटीवाली, हातगाडीवाला व पथारीवाला यांचे स्थान अनिश्चित राहिले. बाजाराला येणारी गर्दी हेच त्यांचे भांडवल असल्याने ते बाजाराजवळच बसतात. तीच गर्दी वाढली की रस्ता अडविल्याच्या कारणावरून त्यांना हटविले जाते. गाळेधारक भाडे व कर भरतो, म्हणून त्याची तक्रार रास्त असते. पादचाऱ्याला पदपथ हवा, हेही खरे. पण स्वस्त माल, थोडक्या नफ्यावर, घराच्या वाटेवर पुरविणारा हा विक्रेता नसेल, तर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचा खर्च वाढतो. १९८९ च्या सोदानसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरील व्यापार हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला घटनादत्त हक्क असल्याचे मान्य केले. २०१४ च्या पथविक्रेताविषयक केंद्रीय अधिनियमाने सर्वेक्षण, प्रमाणपत्र, विक्री क्षेत्रे आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद केली. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विद्यमान विक्रेत्याला हटवू नये, असेही त्यात म्हटले आहे. या तरतुदींची अंमलबजावणी हाच आता मुख्य प्रश्न आहे.

समारोप : पुण्यातील बाजारपेठांच्या वाटचालीत जागा देणारा बदलत गेला. पेशवेकाळात ती राज्यकर्त्याने कौल देऊन दिली, एकोणिसाव्या शतकात नगरपालिकेने मंडई बांधून दिली, विसाव्या शतकात बाजार समितीने आवार आखून दिले आणि एकविसाव्या शतकात ती बव्हंशी खाजगी मालक भाड्याने देतो. पहिल्या तीन व्यवस्थांत दोष असले, तरी लहान विक्रेत्याला दाद मागण्यासाठी एक सार्वजनिक अधिकारी किंवा संस्था होती. मॉलच्या दारात असे कोणी नाही. म्हणून नव्या वस्त्यांची आखणी करताना शाळा, दवाखाना व उद्यान यांप्रमाणेच मंडई आणि विक्री क्षेत्र यांसाठी जागा राखून ठेवणे हे नगररचनेचे आवश्यक अंग ठरते. सार्वजनिक पैसा व सार्वजनिक जमीन यांचा लाभ कोणाला, हा १८८० च्या सुमारास मंडईच्या निमित्ताने विचारला गेलेला प्रश्न वाढत्या शहरात प्रत्येक नव्या बाजाराला लागू पडतो.